दरीवरची खोली

आयेच्या हातातली सुपारी निसटली आणि घरंगळत निघाली.

पडली होती दाराजवळ, तिच्या पायाशी. खिडक्या बंद होत्या, खोलीत वारा नव्हता, कुणाचा धक्का लागला नव्हता. तरी ती लादीवरून सरळ दरीकडच्या भिंतीला गेली आणि टक्कन थडकून थांबली. मी चहाचा कप घेऊन दारात उभा होतो. आत जाऊन ती उचलली, परत दाराशी ठेवली. परत गेली.

"काय खेळतंस रे?" आये म्हणाली. "दी ती हकडे."

"आये, जमीन उतरली."

"उतरू दे. पावसात सगळाच उतरता."

"तू भायर ये बघू आधी."

तिने माझ्या हातातून सुपारी घेतली, अडकित्त्यात धरली आणि पलीकडच्या कोपऱ्यातल्या आपल्या ट्रंकेवर जाऊन बसली. मी बोललो ते तिच्या कानांपर्यंत पोचलंच नाही, असं तिचं तोंड होतं. हे तोंड मला लहानपणापासून माहीत होतं. त्यापुढे वडलांचं कधी काही चाललं नाही, मी कोण लागून गेलो.

आता ही खोली कशी होती ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमचं घर आंबोलीच्या पठारावर. वाटणीत मला आलेला तुकडा रस्ता आणि दरी यांच्या चिमटीत सापडलेला. दोन खोल्या आणि एक पडवी बसली आणि जमीन संपली. आयेला तिसरी खोली हवी होती, आणि तिसऱ्या खोलीला जागा उरली होती ती फक्त हवेत. तेव्हा पास्कल म्हणाला, मग हवेत बांधू.

पास्कल लोबो सावंतवाडीचा काँट्रॅक्टर, माझा शाळेपासूनचा दोस्त. वेंगुर्ल्याकडे मासळीची कोल्ड स्टोरेजं बांधण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. त्यामुळे थंडी आणि ओल या दोन गोष्टींतलं आपल्याइतकं जगात कुणाला कळत नाही असा त्याचा पक्का समज होता. त्याने मागच्या भिंतीत लोखंडी गर्डर रोवून खोली दरीवर बाहेर काढली. खाली आधार कसलाच नाही, नुसता उतार, आणि त्याच्याखाली धुकं. अशा खोलीची जमीन पावसाळ्यात पाय ठेवू देत नाही, इतकी गार पडते. आयेचे गुडघे आधीच धरलेले. म्हणून पास्कलने गर्डरांच्या मधल्या पोकळीत पिवळा काचेचा कापूस भरला, कोल्ड स्टोरेजच्या भिंतीत भरतात तोच. वर सिमेंटचे बोर्ड, बोर्डांवर जाड प्लास्टिक, प्लास्टिकवर लादी. खालून पत्रे ठोकले आणि त्यांचा सांधा न् सांधा सीलंटने बुजवला.

बुजवायला कारण होतं. आमच्याकडचा पाऊस वरून पडतो तसा खालूनही येतो. दरीतला वारा पाणी उचलून वर फेकतो, आणि कड्यावर उभा राहिलेला माणूस हनुवटीकडून भिजत जातो. "खालसून एक थेंब शिरलो ना गुरू, तर मी मिशी काढीन," असं पास्कलने चारचौघांत सांगितलं होतं. पहिला पावसाळा खडखडीत गेला. तो गावभर मिशीला पीळ देत फिरला.

हा दुसरा पावसाळा होता.

कप खाली ठेवून मी उंबऱ्याशी लादीला कान लावला. आतून आवाज आला. पोटात गुरगुरतं तसा. वर बघितलं तर दाराच्या चौकटीवर, भिंतीला एक चीर पडलेली. काल ती नव्हती, निदान मला तरी दिसली नव्हती.

मोबाईलला रेंज फक्त पडवीच्या टोकाला मिळायची. तिथे छत्री धरून मी पास्कलला फोन लावला.

"सुपारी घरंगळता म्हणजे?" तो हसत होता. "आयेक सांग, पान सोड."

"पास्कल, जमिनीत पाणी वाजता."

तो हसायचा थांबला.

पास्कल येईपर्यंत मी मधल्या खोलीत डोकावलो. तृप्ती, माझी बायको, डाव्या कुशीवर पडून होती. तिला सातवा महिना लागला होता. आधी दोनदा आमचं मूल पोटातच गेलं होतं, एकदा या घरात येण्याआधी आणि एकदा घरभरणीनंतर त्याच वर्षी भाद्रपदात. या खेपेला डॉक्टरने जिना चढायचा नाही, वाकायचं नाही, चिंता करायची नाही असं बजावलं होतं. पहिल्या दोन गोष्टी आये कसोशीने पाळून घ्यायची. तिसरी मात्र तिच्यामुळेच जमत नव्हती.

तृप्ती निपाणीची, स्पष्ट बोलणारी. आये तिला कळशी उचलू द्यायची नाही, केर काढू द्यायची नाही, ताटात काय पडणार ते आयेच ठरवायची. बोलायचीसुद्धा पोटाशी. "आज काय खावचा तुका?" असं विचारताना तिची नजर तृप्तीच्या चेहऱ्यावर नसायचीच.

"तुमच्या आईला मी दिसतच नाही," तृप्ती मला एकदा म्हणाली होती. "त्यांना पोट दिसतं. बाकीची मी म्हणजे त्याला लागलेली बाई."

मी काहीतरी पुटपुटलो होतो. गावच्या पाणी योजनेचा पंप चालवणं ही माझी नोकरी, आणि आई आणि बायको यांच्या मधला माणूस पंपावर वेळेच्या आधी जायला फार लवकर शिकतो.

"काय झालंय?" आत्ता तिने विचारलं.

"काही नाही. पास्कल येतोय, जरा जमीन बघायला."

"तुमचा चेहरा तसा नाहीये," ती म्हणाली.

पास्कल आला तो रेनकोट न काढताच घराच्या बाजूने उतारावर गेला. कमरेला दोर, दुसरं टोक फणसाला. मी वरून दोर सोडत होतो. खोलीच्या बुडाखाली पोचून त्याने वर बघितलं आणि तसाच राहिला. मलाही वाकून दिसलं. पत्रे सपाट उरले नव्हते. मधोमध फुगून ते खाली लोंबत होते, गाभण म्हशीच्या पोटासारखे. पास्कलने बोटाच्या पेराने टकटक केलं. पत्र्याचा आवाज आलाच नाही.

"भरला हा," तो हळूच म्हणाला.

"पाणी इला खयसून?"

"ताच कळत नाय. सगळा बुजवलंय मी. ह्या हातान." त्याने सांध्यांवरून हात फिरवला. "एक फट नाय ठेवलंय."

"इला ता इला. मग भायर जावक वाट खय?"

पाऊस त्याच्या तोंडावर खालून येत होता.

"वाट ठेवूक नाय मी," तो म्हणाला. "कोल्ड स्टोरेजाक कोण भोक ठेवता?"

वर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा कायमचा मस्करीचा भाव धुऊन गेला होता. पास्कलला मी तसा कधी पाहिला नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"ऐक. कापूस भिजलो. दोन म्हशी बांधून ठेवल्यासारखा वजन आसा थय, आणि पाऊस थांबाक नाय. भिंत गर्डर किती येळ धरून ठेवतली, माका सांगूक येवचा नाय. खालसून भोका मारून पाणी सोडूक होया, आत्ताच्या आत्ता. पण पाणी एका बाजूक सुटला की वजन हलतला, खोली झटको देतली. माणूस वर नको. आयेक भायर काढ."

"येतली काय ती?"

"येतली म्हणजे? उचलून हाड!"

मी आत गेलो. दार आता चौकटीला घासत होतं, खांदा लावून ढकलावं लागलं. आये ट्रंकेवर होती तिथेच होती. खोलीचा तो सगळ्यात लांबचा कोपरा, दोन्ही बाजूंनी दरी.

"आये, चल. खोली पडतली."

"पडू दे."

"अगो, पडू दे काय? खाली दरी आसा!"

"माका ठाऊक आसा. रोज बघतंय." तिने खिडकीचा गज एका हाताने धरला. "तू जा. तुझ्या बायलेक बघ."

मी दोन पावलं आत टाकली. तिसऱ्याला खालून कट्ट असा आवाज झाला, लोखंडाचा. पायाखाली लादी हलली नाही, पण मला ती हलल्यासारखी वाटली.

"मागे हो!" बाहेरून पास्कल ओरडला. "दोघां नको! गुरू, मागे हो!"

मी मागे आलो. उंबऱ्यावर उभा राहून तिला समजावलं, रागावलो, वडलांची शपथ घातली. पास्कलचा दोर आणून तिच्या अंगावर टाकला आणि म्हटलं, कमरेला बांध, मी ओढतो. तिने तो दोर नीट गुंडाळला, वेटोळं केलं आणि बाजूला ठेवून दिला. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर मी हसलो असतो.

"आये, कित्याक असा करतंस? सांग तरी!"

"सांगूचा नाय."

चौकटीवरच्या भिंतीतून गिलाव्याचा एक पोपडा सुटला आणि माझ्या खांद्यावर पडला. चीर आता बोटभर रुंद झाली होती.

"आई," मागून आवाज आला.

तृप्ती उठून आली होती. एक हात भिंतीला, एक पोटाखाली.

"तू कित्याक उठलंस?" आये तिथूनही डाफरली. "पड जा!"

"ट्रंकेखाली काय आहे?"

आयेने गज घट्ट धरला.

"तुम्ही मला घरातला केर काढू देत नाही ते वाकावं लागतं म्हणून," तृप्ती म्हणाली. "पण त्या कोपऱ्यातला केर तुम्ही मला त्याच्याआधीही कधी काढू दिला नव्हता. दिवाळीपासून. तुम्ही ट्रंक तरी कधी हलवली? काय आहे तिथे?"

खाली पाणी गुरगुरत होतं, तेवढाच आवाज.

"घराचो धनी," ती म्हणाली.

मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

घरभरणीला वास्तुपुरुष पुरतात तो घराच्या आग्नेय कोपऱ्यात. आमच्या घराचा आग्नेय कोपरा नेमका या खोलीत पडला होता, हवेत. पास्कलने त्या दिवशी भटजींना छिन्नी लावू दिली नव्हती. या जमिनीला भोक नाही पडायचं, बाकी काय ते करा. भटजी समजूतदार, त्यांनी तोडगा काढला, आणि अंगणाच्या आग्नेय टोकाला जास्वंदीखाली डबी पुरून विधी आटोपला. आये त्यावर काही बोलली नव्हती. आये बोलली नाही म्हणजे तिला पटलं, असं आम्ही धरून चाललो होतो. जन्मभर सोबत राहून माणसाला इतकंही कळू नये याला काय म्हणावं.

"भाद्रपदात हिचा पोट गेला," आये खिडकीकडे बघत म्हणाली. "दुसरा पोट. मी म्हटलंय, घराचो धनी भायर पावसात उभो, आणि आपण भितूर पांघरून घेवन निजलंव. अशा घरात काय टिकतला? दिवाळीत ही माहेराक गेली. तू पंपार. मी लादी काढलंय, छिन्नी मारलंय, तेका भायरसून हाडलंय आणि हय ठेवलंय. जागेर. आणि मगे हिका दिवस गेले."

पास्कल केव्हा दारात येऊन उभा राहिला होता कळलं नाही. त्याच्या रेनकोटाचं पाणी उंबऱ्यावर टपटपत होतं.

"खालचा प्लास्टिक?" त्याने विचारलं. "ता कापलंस, आये?"

"कोयत्यान."

पास्कल मटकन उंबऱ्यावर बसला. पाणी कुठून आलं ते त्याला कळलं होतं, आणि त्याच्या तोंडाकडे बघून मलाही कळलं. बंद बाटलीत फुंकर जात नाही. बूड फोडलं की आरपार जाते. पहिल्या पावसाळ्यात दरीतला वारा त्या पत्र्यांवर आपटून परत गेला होता, कारण आत शिरून जायला त्याला दुसरं तोंडच नव्हतं. आयेने ते करून दिलं. आता वारा बारीकसारीक फटींतून आत घुसत होता, आयेच्या कोपऱ्यातून वर निघत होता, आणि येताना पाणी आणून कापसात ठेवून जात होता.

मला वाटलं पास्कल आता तिला काहीतरी बोलणार. पण तो म्हणाला, "माका सांगूचा तरी, आये. मी जागा ठेवली असती गो. नीट डबो बसवन दिलो असतो, खालसून बंद. माझ्या स्वतःच्या उंबऱ्याखाली सांत आंतोनीचो बिल्लो आसा. माका काय कळत नाय?"

"तू इचारलंस खय?"

पास्कलने रेनकोटाच्या बाहीने तोंड पुसलं.

"बरा, मगे आता उठ. मी तेका काढून तुझ्या हातात देतंय."

"पुरलेलो देव परत परत काढतत?" ती म्हणाली. "एकदा मी काढलंय, ता माझ्या माथ्यार. आता मी उठलंय की तुम्ही खालसून फोडतलास. तो दरीत जातलो. आणि मगे?"

तिने तृप्तीच्या पोटाकडे बघितलं आणि नजर वळवली.

"मी बसलंय तोवर तो आसा," ती म्हणाली. "खोली जावची तर माका घेवन जाऊ दे. मी उठूचंय नाय."

तिच्या आवाजात हट्ट नव्हता. हट्टी आयेला मी ओळखत होतो, तिला काहीतरी करून वळवता यायचं. ही बाई नुसती ठरवून बसली होती.

खाली पुन्हा कट्ट झालं. या वेळी खोलीनेच अंग चोरल्यासारखं केलं, आणि कोनाड्यातला आरसा पुढे सरकून पडला आणि फुटला.

तृप्तीने चपला काढल्या.

"काय करतेस?" मी तिचा दंड धरला.

"हात सोडा."

"तृप्ती, वेडी आहेस का? पास्कल काय म्हणाला ऐकलंस ना?"

"ऐकलं. हात सोडा."

ती ओरडली नाही. तरी हात सुटला माझा. भिंतीच्या कडेकडेने, काचा चुकवत, एक पाऊल आणि थांबणं, एक पाऊल आणि थांबणं, अशी ती त्या कोपऱ्यापर्यंत गेली. पास्कल क्रूस करून काहीबाही पुटपुटत होता. ट्रंकेपाशी पोचल्यावर ती खिडकीला धरून हळूहळू खाली टेकली, पोट सांभाळत, आणि आयेच्या पायाशी मांडी घालून बसली.

आयेचा चेहरा पांढरा पडला होता.

"उठ गो."

"तुम्ही उठा."

"तुका अक्कल आसा काय?"

"नाही."

"पोटात काय आसा तुझ्या, इसारलंस?"

"नाही विसरले. तो राखतोय म्हणता ना तुम्ही? तुमच्या ट्रंकेखालचा?" तृप्तीने लादीवर हात ठेवला. "मग राखेल की. मलाही राखेल, तुम्हालाही राखेल. बसू या इथेच. मला काही घाई नाही."

"तृप्ती, भायर जा. हात जोडतंय."

आयेने तिला नावाने हाक मारलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. लग्नाला सहा वर्षं झाली होती.

"तुमचा विश्वास आहे ना त्याच्यावर?"

आयेने खाली ट्रंकेकडे बघितलं. तृप्तीच्या पोटाकडे बघितलं. मग तिच्या चेहऱ्याकडे, आणि तिथेच बघत राहिली. किती वेळ ते देव जाणे. गजावरची तिची बोटं एकेक करून सुटताना मला दिसली.

ती उठली.

"धर माझो हात," ती म्हणाली. "फुडे हो. भिंतीक लागून चल. हळू. हळू गो माझे बाय."

तिने तृप्तीला पुढे घातलं आणि स्वतः मागे राहिली. मध्ये हातभर अंतर ठेवून दोघी भिंतीच्या कडेने आल्या. उंबऱ्यापाशी मी तृप्तीला जवळजवळ उचलूनच आत घेतलं. आये आपली आपण आली. वळून तिने मागे बघितलं नाही.

तोवर पास्कल दोराशिवायच उतारावर गेला होता. पहारीचे घाव ऐकू आले. एक, दोन, आणि मग पाणी सुटल्याचा असा आवाज झाला की शेजारचे लोक पडवीत धावले. पिवळ्या कापसाचे लगदे पाण्याबरोबर दरीत गेले. मग कोपऱ्यातला पत्रा फाटला, वरचे बोर्ड मोडले, आणि आयेची ट्रंक, त्याखालची लादी आणि लादीखालचं जे काय होतं ते सगळं धुक्यात नाहीसं झालं. खोलीने एक हिसका दिला आणि थांबली. गर्डरांनी धरून ठेवली ती.

पास्कल चिखलाने माखून वर आला आणि पडवीत बसून लहान मुलासारखा रडला. आये चुलीपाशी गेली होती. तिने तृप्तीसाठी पेज टाकली होती आणि फुंकणीने विस्तव फुंकत होती.

त्यानंतरचे दोन महिने घरात एक वेगळंच वातावरण होतं. आये तृप्तीचं सगळं करायची, पहिल्यापेक्षा जास्तच. पाय चेपून द्यायची, केस विंचरून द्यायची. पण पोटाशी बोलणं तिने बंद केलं. चकार शब्द नाही. शिवायला घेतलेली दुपटी आणि कुंची तिने अर्ध्यावर गाठोड्यात बांधली आणि माळ्यावर टाकली. देवाला हात लावेना. गणपतीत चुलत्यांच्या घरी आरतीलाही गेली नाही, अंग बरं नाही म्हणाली. मोदकाला शिवली नाही, घरात कढई चढवली नाही.

"राग आहे त्यांचा," तृप्ती मला म्हणायची. "देव गेला ना माझ्यामुळे. माझं करतात ते कर्तव्य म्हणून."

मीही तेच धरून चाललो होतो. पंपावर जात होतो.

आश्विनात सावंतवाडीला तृप्ती बाळंत झाली. मुलगी. वजन चांगलं, रडणं तर सगळ्या वॉर्डाला पुरेल एवढं. नर्सने बाहेर येऊन सांगितलं तेव्हा आयेने तिलाच उलट विचारलं, "आणि आमची सून?" सून बरी आहे असं दोनदा वदवून घेतलं आणि मग भिंतीला पाठ टेकून खाली बसली.

आत गेल्यावर तृप्तीने बाळ पुढे केलं. "घ्या ना, आई."

आयेने हात मागे घेतले. "आधी न्हावन येतंय."

"आत्ता? सकाळी आंघोळ केलीत ना?"

"डोक्यावरून न्हावक होया. मगे घेतंय."

तृप्तीचे डोळे भरून आले. एवढं होऊनही आयेचा राग गेला नाही, असंच तिला वाटलं. मलाही इतका संताप आला की मी आयेला तिथेच विचारलं, भर वॉर्डात, बाजूच्या खाटांवरच्या बायका ऐकत असताना. काय चाललंय तुझं दोन महिने? हिच्यावर कसला सूड उगवतेस? चांगली जिवंत पोर समोर आहे, तिला हात लावायला तुला आंघोळ कशाला हवी?

आये माझ्याकडे बघत राहिली. एवढं साधं मला कसं कळलं नाही, याचंच तिला नवल वाटलं असावं.

"सुतक होता माका," ती म्हणाली.

"कुणाचं?"

तिने बाळाकडे मान केली. "हेचाच. माका वाटला, पोटातला गेला. आज ना उद्या कळतला, पण गेला. मी थयसून उठलंय तेव्हाच मी तेका सोडलंय." ती खाटेच्या कडेला टेकली आणि पहिल्यांदाच तृप्तीच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. "दोघांक धरूक येय नाय होता, गो. माका तू होयी होतीस."

तृप्ती हुंदके द्यायला लागली, तशी आये तिला ओरडली, बाळंतिणीने रडू नये, दूध आटतं. मग नळ कुठे आहे ते नर्सला विचारत, पदर खोचून न्हायला गेली.